प्रवासातली धार आणि कणभर हिरा

घराबाहेर नेलेल्या सुरीची धार मंदावली तर ती जागच्या जागी सावरून घेण्यासाठी कोणते साधन जवळ ठेवावे, हा प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटतो. परंतु कोणते साधन पात्याचे किती पोलाद खरवडते आणि मागे कशी कड ठेवते, हे समजल्यावाचून बाजारातील अनेक वस्तूंपैकी एक उचलणे म्हणजे वेष्टनावरील मजकुरावर विसंबणे होय. पार बोथट झालेल्या किंवा खांडे पडलेल्या पात्याला नव्याने कोन देणे हे मोठ्या दगडाचे आणि निवांत वेळेचे काम असून ते घरीच किंवा शिकलगाराकडेच व्हावे हे बरे. खिशातील साधनाचे काम एवढेच, की ज्या पात्याचा कोन शाबूत आहे परंतु टोकाची कड थोडी झिजली वा वळली आहे, ते पुन्हा पाजळावे.

ही कड नेमकी कशी बिघडते, याविषयी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जियानलुका रॉशोली, मोहदेसे ताहेरी-मूसावी आणि जेम तासान यांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन फार उद्बोधक आहे. दाढीच्या पात्याचे पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असूनही पाते केसांनीच बोथट होते, या जुन्या कोड्याचा उलगडा करण्यासाठी त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आतच पात्याने केस कापण्याची योजना केली. झीज सावकाश आणि सर्वत्र सारखी होत असेल, हा रूढ समज तेथे टिकला नाही. केस वाकून पात्याला तिरका भिडला म्हणजे त्याच्या कडेपाशी पोलादाचे सूक्ष्म टवके उडताना दिसले. याचे कारण पात्याच्या अंतर्रचनेत आहे. तापवलेले पोलाद झटकन थंड केले असता त्यात मार्टेन्साइट नावाची कठीण स्फटिकरचना तयार होते, परंतु ती सर्वत्र एकसारखी नसते. वेगवेगळ्या ताकदीच्या दगडांची भिंत जशी दोन दगडांच्या सांध्याशी आधी ढासळते, तसा पात्यावरील ताण कठीण आणि मऊ भागांच्या सीमेवर एकवटतो आणि तेथे टवका उडतो. हा अभ्यास वस्तऱ्याच्या पात्यांचा असला, तरी सुरीच्या पोलादाची घडणही साधारण याच जातीची असल्यामुळे, टोमॅटोच्या सालीवर सुरी घसरू लागते तेव्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर काय घडले असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

आता ही हानी भरून काढण्यासाठी किती पोलाद काढावे लागते, याचा हिशेब शाळेतील त्रिकोणमितीने करता येतो. समजा, कडेला दहा मायक्रॉन रुंदीचा सपाट भाग तयार झाला आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा एक हजारावा भाग) आणि पात्याच्या दोन्ही बाजूंचा कोन प्रत्येकी वीस अंश आहे. अशा वेळी पाते पुन्हा टोकदार होण्यासाठी त्याची उंची केवळ चौदा मायक्रॉनने, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण एक पंचमांशाने, कमी करावी लागते. साधन निवडताना हा एकच आकडा मनात ठेवला तरी पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. ज्या साधनातून एका ओढीत पोलादाचे डोळ्यांना दिसणारे तंतू निघतात, ते गरजेच्या कितीतरी पट अधिक पाते खात असते.

पुढचा प्रश्न कठीणपणाचा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात उतरणारे ऊसतोड कामगार कोयत्याला फडातच कानस मारून धार लावतात, आणि ही रीत शास्त्रदृष्ट्या अगदी योग्य आहे; कारण घाव घालताना कोयता तुटू नये म्हणून त्याचे पोलाद कानशीपेक्षा बरेच मऊ ठेवलेले असते. स्वयंपाकाच्या किंवा खिशातील सुरीचे पोलाद मात्र रॉकवेल मापावर साधारण ५५ ते ६२ इतके कठीण असते, त्यामुळे सुमारे ६५ कठीणपणाची कानस त्यावर नीट पकड घेत नाही. शिवाय अशा पोलादात कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम किंवा व्हॅनेडियमसारख्या धातूचा कार्बनशी संयोग होऊन बनलेले, अतिशय कठीण कण विखुरलेले असतात. विकर्स मापावर सुरीचे पोलाद सातशेच्या आसपास, क्रोमियम कार्बाइड दीड हजाराच्या पुढे, कुरुंद किंवा त्याच घटकाची सिरॅमिक सळई दोन हजारांच्या आसपास, सिलिकॉन कार्बाइड अडीच हजार, व्हॅनेडियम कार्बाइड त्याहूनही थोडे वर आणि हिरा आठ ते दहा हजार, अशी ही उतरंड आहे. साध्या स्टेनलेस सुरीला सिरॅमिक सळई पुरते, परंतु सुमारे चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या एस-३०-व्ही यांसारख्या आधुनिक पोलादाचे कार्बाइड कण तिला दाद देत नाहीत. सिरॅमिक आजूबाजूचे पोलाद घासते आणि कण तसेच राहतात. सर्व प्रकारच्या पात्यांवर, झिर्कोनियाच्या पांढऱ्या सुऱ्यांवरसुद्धा, चालणारा एकच पदार्थ म्हणजे हिरा.

तो आज एका लहान पट्टीवर परवडणाऱ्या दरात मिळतो, याचे श्रेय ज्याला पुरेसे मिळाले नाही त्या हॉवर्ड ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञाचे स्मरण येथे आवश्यक आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १६ डिसेंबर १९५४ रोजी हॉल यांनी स्वतः रचलेल्या ‘बेल्ट’ नावाच्या दाबयंत्रात, वातावरणाच्या सुमारे एक लाखपट दाबाखाली, कृत्रिम हिरे तयार केले आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये कंपनीने ही वार्ता जाहीर केली. आपल्या वाट्याचे श्रेय डावलले गेले असे वाटून हॉल त्याच वर्षी नोकरी सोडून ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गेले. तेथे गेल्यावर सरकारी गोपनीयतेमुळे स्वतःचेच यंत्र वापरण्याची मुभा त्यांना राहिली नाही, तेव्हा त्यांनी चौफलकाच्या आकाराचे निराळेच दाबयंत्र उभारले. त्यांचे पहिले हिरे मिलिमीटरच्या अंशाएवढे होते, आणि दागिन्यांसाठी निरुपयोगी ठरणारा तो बारीकपणाच घर्षणसाधनांना हवा होता. जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो, म्हणून वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर पोलाद घासताना हिरा लवकर झिजतो, त्यासाठी हॉल यांचे सहकारी रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ मध्ये घनाकृती बोरॉन नायट्राइड हा पर्याय निर्माण केला. हाताने धार लावताना एवढी उष्णता निर्माण होत नसल्यामुळे प्रवासी साधनात हिऱ्याला हा धोका नाही.

एवढे समजल्यावर इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेतून सुरी ओढण्याची जी साधने सर्वांत जास्त खपतात, त्यांचा मोह आवरणे सोपे जाते. त्यांतील टंगस्टन कार्बाइडची पाती कड घासत नाहीत, तासतात. मागे फाटल्यासारखी खरखरीत कड उरते, जी पहिल्या कापणीला तीक्ष्ण भासते आणि लवकरच मोडून पडते. खाचेचा कोनही ठरलेला असतो. पंधरा अंशांची जपानी सुरी वीस अंशांच्या खाचेत गेली तर तिची नाजूक कड जाड होते, आणि सुरीचा कोन खाचेपेक्षा मोठा असेल तर साधन टोकापर्यंत पोहोचतच नाही. एका ओढीत वस्तऱ्यासारखी धार देण्याच्या जाहिराती या साध्या भूमितीविषयी मौन पाळतात, आणि ग्राहकाच्या चांगल्या सुऱ्या त्यापायी वर्षानुवर्षे विनाकारण झिजतात.

त्याऐवजी सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची, एका बाजूला २५ मायक्रॉनच्या आसपासचे हिऱ्याचे कण आणि दुसऱ्या बाजूला बारीक सिरॅमिक असलेली सपाट पट्टी बहुतेकांना पुरेशी आहे. उत्पादक कणांचे माप बहुधा जाळीच्या क्रमांकात देतात; ३२५ म्हणजे साधारण ४५ मायक्रॉन, ६०० म्हणजे २५ आणि १२०० म्हणजे ९ मायक्रॉन, असे हे प्रमाण असून सावरणीच्या कामाला ३२५ पेक्षा भरड पृष्ठभाग घेऊ नये. पाण्यात भिजवून वापरायचे जपानी दगड घरी उत्तम. परंतु ते जड असतात, ठिसूळ असतात आणि ओले असताना पिशवीत टाकता येत नाहीत. कोन हाताने सांभाळणे जमत नसेल तर वीस अंशांचा उतार जोडलेली पट्टी घ्यावी, किंवा पात्याच्या रुंदीवरून अंदाज बांधावा: तीन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ पट्टीपासून सुमारे एक सेंटिमीटर उचलली की वीस अंश होतात. खातरजमा करण्याची एक सोपी युक्ती म्हणजे कडेवर मार्कर पेनाने रेघ ओढून पाते दोन वेळा फिरवणे. शाई अगदी टोकापासून पुसली गेली तर कोन बरोबर, टोकाशी ती तशीच राहिली तर पाठ किंचित अधिक उचलायला हवी, आणि फक्त टोकाशीच पुसली गेली तर पाठ जास्त उचलली गेली आहे.

हिऱ्याचे कण निकेलच्या पातळ थरात रुतवलेले असतात आणि जोर दिल्यास ते उखडतात, म्हणून सुरीच्या वजनाएवढाच भार पुरेसा मानावा. काही ओढींनंतर विरुद्ध बाजूला बर येते, म्हणजे रेटले गेलेले पोलाद तारेसारखे वळून कडेला लटकते. अंगठा पात्याच्या बाजूने कडेच्या बाहेर हलकेच सरकवला असता (कडेच्या लांबीवर कधीही नाही) ती बोटाला अडते. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन यांनी धार लावलेली पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा धारेचा दर्जा ही बर कितपत निघते यावर फार अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. ती काढण्यासाठी सिरॅमिकवर आलटूनपालटून अगदी हलक्या ओढी द्याव्यात आणि शेवटी कमरेच्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, काही वेळा फिरवावे.

साधन हाताशी नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाच्या तळाशी असलेले बिनझिलईचे कडे सिरॅमिक सळईचेच काम करते, कारण त्यातील खनिजे पोलादापेक्षा कठीण असतात. दातेरी पात्यांना मात्र सपाट पट्टी उपयोगाची नाही. त्यांच्या प्रत्येक खोबणीत शिरेल अशी निमुळती सळई लागते. विमानाने जाताना सुरी हातातील सामानात चालत नसल्याने ती नोंदणीच्या सामानातच ठेवावी लागते. आणि धार लावून झाल्यावर खाद्यपदार्थ कापण्यापूर्वी पाते पुसून धुणे आवश्यक आहे, कारण पोलादाची काळसर धूळ त्यावर चिकटून राहते.