रिव्हर्स्ड लावलं आणि अडलं

सकाळी 8.40
खामगाव. माडीवरची खोली. टेबल, लॅपटॉप, कोपऱ्यात इन्व्हर्टर. शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकून, पुण्यात नोकरी करून एक मुलगी गावी परतली. आता इथूनच काम करते. पैसे कामावर ठरलेले, तासावर नाहीत. आजच्या कामाचे 2,500. दोन तास लागोत की दहा. ब्रॉडबँडचे महिना 700 तिच्याच खिशातून.

9.30
काम दिसायला लहान. कापूस व्यापाऱ्याच्या पावत्यांची यादी, मोठी रक्कम वर हवी. भाषा जावा. ती सॉर्ट लिहिते, त्यात कम्पॅरेटर.कम्पेअरिंग, कंसात लॅम्डा: ‘प’ घे, ‘प’ची रक्कम दे. चालतं. फक्त लहान रकमा वर येतात.

9.40
क्रम उलटावा म्हणून कंसापुढे टिंब देऊन ती रिव्हर्स्ड लिहिते. लाल रेघ. कंपायलर म्हणतो, ‘प’ हा ऑब्जेक्ट आहे, त्याच्याकडे रक्कम नाही.
ती मला म्हणते, “पाहा न काका, आत्ता तर त्याले समजत होतं.”

10.15
वीज गेली. इन्व्हर्टर सुरू. नवी बॅटरी 14,000 ची, गेल्या उन्हाळ्यात घेतलेली. ती रिव्हर्स्ड काढते, रेघ जाते. लावते, येते.

11.00
आता उलगडतं. कम्पेअरिंग ही जेनेरिक मेथड. तुलना कशाची, हे आपण लिहीत नाही, कंपायलर ओळखतो. ही मेथड एकटी असली की तो बाहेर बघतो: सॉर्टला पावत्यांचा कम्पॅरेटर हवाय, म्हणजे ‘प’ पावती. पण पुढे टिंब आलं, की टिंबाच्या डावीकडचं आधी ठरवावं लागतं. सॉर्टची मागणी तिथवर पोचत नाही. लॅम्डात ‘प’चा प्रकार लिहिलेला नाही. मग उरतं ऑब्जेक्ट. गाडी काट्यावर यायच्या आधीच पावती फाडावी, तसं.
जेनेरिक्स 2004 मध्ये जावा 5 सोबत आले. 2014 च्या जावा 8 पासून एका मेथडच्या कंसात दुसरी असली, तरी कंपायलर बाहेरची गरज बघून प्रकार ओळखू लागला. टिंबांची साखळी मात्र तेव्हा वगळली. मला ते रास्त वाटतं. साखळीभर मागेपुढे अंदाज बांधत बसला असता, तर चूक नेमकी कुठे झाली हे माणसाला शोधणं आणखी जड गेलं असतं.

11.40
ती ‘प’च्या आधी ‘पावती’ लिहिते. रेघ गेली. मेथड रेफरन्सनेही भागलं असतं, त्यातही पावतीचं नाव येतंच.

दुपारी 1.30
भाकरी, पिठलं, ठेचा. मग तपासण्या.

4.10
पुण्याहून कोड तपासणाऱ्याचा प्रश्न: प्रकार कशाला लिहिला, काढून टाक. ती शांतपणे कारण लिहून पाठवते. हे शिकवायचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

6.20
काम मंजूर. पैसे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला.
तुमची साखळी अशी अडली, तर एडिटर बंद-चालू करत बसू नका. डावीकडच्या पहिल्या मेथडला प्रकार सांगा.