वारंवार सिझेरियन : जुन्या व्रणाची जोखीम
पहिल्या सिझेरियनचा पोटावरील टाका काही आठवड्यांत भरून येतो. परंतु गर्भाशयाच्या भित्तीवरील व्रण कायम राहतो, आणि पुढील गर्भारपणात वार गर्भाशयमुख झाकून नेमकी त्या व्रणावरच रुजली, तर ती भित्तीत खोल शिरू शकते; तसे झाल्यास ती प्रसूतीनंतर सुटत नाही व प्राणांवर बेतणारा रक्तस्राव सुरू होतो. अमेरिकेतील १९ वैद्यकीय केंद्रांत १९९९ ते २००२ या काळात, कळा सुरू होण्यापूर्वीच सिझेरियन झालेल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांची जी तपशीलवार नोंद ठेवण्यात आली, तिच्यानुसार वार अशी खाली असताना ती रुतून बसण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३, दुसऱ्या वेळी ११, तर तिसऱ्या वेळी ४० टक्के आढळले. अशा प्रसंगी मातेचा जीव वाचविण्यासाठी बहुधा गर्भाशयच काढावे लागते. मूत्राशय व आतडी जुन्या व्रणाला चिकटून त्यांना इजा होण्याचा संभवही वाढतो.

म्हणून पूर्वी सिझेरियन झालेल्या गर्भवतीने वार कोठे आहे याची सोनोग्राफीत अवश्य खातरजमा करून घ्यावी. जुने कागदही जपावेत. कारण गर्भाशयावरील छेद उभा असल्यास कळांच्या वेळी तो फाटण्याचे भय अधिक असते, आणि कातडीवरचा आडवा टाका पाहून आतला छेद कळत नाही.