पाळलेला मासा काय खातो?

'समुद्रातली मासळी कमी होत असेल, तर मासे पाळावेत,' असे उत्तर वर्गात हमखास मिळते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. पाळलेला मासा खातो काय, हेही विचारायला हवे.

आपल्याकडे गोड्या पाण्याच्या तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे एकत्र वाढवतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात मुख्यतः वनस्पतिजन्य अन्न खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला असते. तो तळाशी कुजणारे पदार्थ खातो. एकाच तळ्यात तीन मजले, आणि अन्नासाठी भांडण फारसे नाही! जोडीला भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड घालतात.

अडचण होती ती पिल्लांची. हे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात, साध्या तळ्यात नाही. नदीतून पिल्ले पकडून आणली, तर त्यांत शिकारी माशांचीही येत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. मत्स्यबीजासाठी नदीकडे पाहण्याची गरज त्यामुळे कमी होत गेली.

कोळंबी आणि सामन यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या खाद्यात तारलीसारख्या लहान समुद्री माशांची भुकटी किंवा तेल असते. आता त्याऐवजी सोयाबीनची पेंडही वापरतात, पण समुद्रावरचा भार पूर्णपणे हटलेला नाही. अन्नसाखळीच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा भागच ऊर्जा पोहोचते. म्हणून माशाला मासा खाऊ घालणे महागात पडते. खालच्या पायरीवर जेवणारा कटला किंवा रोहू समुद्राकडे काही मागत नाही.

गावात मत्स्यतळे असल्यास हे करून पहा. विद्यार्थ्यांना काठावर उभे करून शिक्षकांनी स्वतः उन्हाच्या वेळी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवावा. पाणी हिरवट असून तळवा जेमतेम दिसेनासा झाला, तर माशांचे नैसर्गिक अन्न पुरेसे आहे. तळवा त्याआधीच दिसेनासा झाला, तर हिरवेपणा जास्त झाला. अशा तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. असे का होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांवरच सोपवावा. वनस्पती रात्री काय करतात, एवढीच आठवण द्यावी.