आरंभरेषेवरचे राजकारण

'खेळात राजकारण आणू नका,' असा उपदेश आम्हा हौशी धावपटूंना नेहमी केला जातो. पण ते आधी आणले कुणी?

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातली कॉम्रेड्स मॅरेथॉन पाहा. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यानची, सुमारे ९० किलोमीटरची ही शर्यत पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली सुरू झाली. नाव 'कॉम्रेड्स', म्हणजे सोबती! पण काळ्यांना आणि स्त्रियांना तिच्यात अधिकृत प्रवेश नव्हता. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू सगळे अंतर धावला. अधिकृत निकालात त्याला जागा मिळाली नाही. चढ तेच, घाम तोच. फक्त कातडीचा रंग वेगळा. हे राजकारण नव्हे काय?

१९७५ साली दार उघडले. १९८१ साली वर्णद्वेषी प्रजासत्ताकाच्या २० व्या वर्धापनाच्या सोहळ्याशी ही शर्यत जोडली गेली. तेव्हा ब्रूस फोर्डाइस हा गोरा धावपटू निषेध म्हणून दंडावर काळी फीत बांधून धावला. त्याच्यावर टोमॅटो फेकले गेले; तरी तोच जिंकला. म्हणजे फीत बांधणे हे राजकारण, आणि ५४ वर्षे माणसांना रेषेबाहेर ठेवणे हा निव्वळ खेळ!

१९८९ साली सॅम त्शबालाला पहिला काळा विजेता ठरला. काळ्यांची गुणवत्ता १९७५ नंतर जन्मली नव्हती. ती आधीपासून रेषेबाहेर ताटकळत उभी होती. घड्याळ कुणाचा वर्ण पाहत नाही, हे खरे. पण घड्याळापर्यंत कुणाला पोहोचू दिले जाते, हे प्रत्येक धावणाऱ्याने विचारलेच पाहिजे.