हरलेल्या संघाचे पाठीराखे

शनिवारी भल्या पहाटे, टेक्सासमध्ये अजून पुरते उजाडलेले नसताना, प्लेनोतील आपल्या कित्येक घरांत दिवा लागलेला असतो. इंग्लंडमध्ये त्या वेळी दुपार झालेली असते आणि लिव्हरपूल किंवा मँचेस्टर युनायटेड ह्यांचा सामना सुरू व्हावयाचा असतो. मॉरिशसहून आलेल्या आजोबांच्या बोलण्यात मात्र, इतका काळ लोटल्यावरही, पोर्ट लुईच्या जुन्या संघांची नावे येतात. त्यांच्या चिरंजिवांचा जीव इंग्लंडातील संघावर जडलेला असतो. आणि ह्याच देशात जन्मलेल्या नातवाच्या अंगात एफ. सी. डॅलसचा सदरा असतो. एका छपराखाली तीन पिढ्या आणि तीन निष्ठा! हे निष्ठांचे स्थलांतर वरवर करमणुकीचे वाटले, तरी त्यात आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक बोलका अध्याय दडलेला आहे. ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटते.

ब्रिटिश अमदानीतील मॉरिशसमध्ये फुटबॉलचे संघ गावागणिक नव्हते, जमातीगणिक होते. गोऱ्या मळेवाल्यांच्या वर्तुळातला ‘डोडो’, मिश्रवर्णीय प्रतिष्ठितांचा ‘रेसिंग’, क्रिओल जनतेचा लाडका ‘फायर ब्रिगेड’, आणि नावातच आपली ओळख सांगणारे ‘हिंदू कॅडेट्स’, ‘तमिळ कॅडेट्स’ व ‘मुस्लिम स्काउट्स’. मूल जन्मले की त्याचा धर्म जसा ठरे, तसाच त्याचा संघही ठरून जाई. निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

ह्या व्यवस्थेला आज नावे ठेवणे सोपे आहे. परंतु तिच्यातील गोडी समजून घेतल्यावाचून तिला नावे ठेवू नयेत. रत्नागिरी-साताऱ्याकडून मुंबई बंदराच्या वाटेने मॉरिशसला गेलेल्या, आणि बिहारातून कलकत्त्याच्या वाटेने गेलेल्या गिरमिट्यांच्या मुलानातवंडांना मळ्यावर साहेबासमोर मान वर करण्याची सोय नव्हती. त्याच साहेबाच्या भाईबंदांच्या जाळ्यात आपल्या माणसाने मारलेला चेंडू शिरताना पाहणे, आणि तेही उघड्या मैदानावर, पंचाच्या शिट्टीच्या साक्षीने, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. नव्वद मिनिटांपुरते का होईना, तेथे दोन्ही बाजूंस अकराच माणसे असत आणि नियम सर्वांना सारखा असे. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या संघांवर जीव लावला तो ह्यासाठी.

तथापि ज्या दोरीने माणसे एकत्र बांधली जातात, तिचाच फास व्हावयास वेळ लागत नाही. संघ म्हणजेच जमात, असे एकदा मनाने घेतले म्हणजे संघाचा पराजय हा खेळातला पराजय राहत नाही. तो शेजारच्या आळीने केलेला अपमान ठरतो. हे ओळखूनच 1968 साली देश स्वतंत्र झाल्यावर, 1980च्या दशकात, संघांच्या नावांतून धर्मवाचक शब्द गाळण्यात आले. ‘मुस्लिम स्काउट्स’ नुसते ‘स्काउट्स’ उरले. नावे पालटली, परंतु प्रेक्षागारातील माणसे पूर्वीच्याच जागी बसत राहिली.

त्याची किंमत 23 मे 1999 रोजी चुकवावी लागली. आधीच ते वर्ष वाईट होते. फेब्रुवारीत काया ह्या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलिसांच्या कोठडीत मृत्यू होऊन बेट दंगलींनी होरपळले होते. त्या मे महिन्यात अजिंक्यपदाचा निर्णय लावणाऱ्या सामन्यात फायर ब्रिगेडने स्काउट्सवर विजय मिळविला. सामना ज्या मैदानावर झाला त्याचे नाव ‘अंजलाय स्टेडियम’. ही अंजलाय कुपेन कोण, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. 1943 च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू आरेल येथील मळ्यावर मजुरांचा संप चालू असता पोलिसांच्या गोळीबारात जे बळी पडले, त्यांतली ही एक गरोदर मजूर स्त्री. गिरमिट्यांच्या लेकीच्या नावाने उभारलेल्या त्या मैदानातून पराभूत संघाचे संतप्त पाठीराखे बाहेर पडले, आणि त्याच संध्याकाळी पोर्ट लुईमध्ये ‘लामिकाल’ ह्या चिनी द्यूतगृहाला आग लावण्यात आली. सात माणसे जळून आणि गुदमरून मेली. त्यांत बालके होती आणि एक गरोदर स्त्रीही होती. ह्या सात जणांचा त्या सामन्याशी कसलाही संबंध नव्हता.

त्यानंतर दीड वर्ष देशातील फुटबॉल बंद राहिला. पुन्हा सुरू झाला तो नव्या नियमाने: संघ जमातीचे नव्हेत, गावांचे आणि जिल्ह्यांचे. पोर्ट लुई, पांपलमूस, क्युरपीप, सवान अशी स्थळवाचक नावे आली. उपाय योग्यच होता. परंतु प्रेम हुकमाने उत्पन्न होत नाही. जुने संघ गेले आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षागारही ओस पडले. पाठीराख्याचे मन मात्र रिकामे राहू शकत नाही. ते समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले. तेथील लीगच्या संघांवर मॉरिशसचे लोक आज जे प्रेम करतात ते पाहून परदेशी प्रवासी थक्क होतात. ह्या प्रेमामागे दूरचित्रवाणीची किमया आहे, उत्तम खेळाचे आकर्षण आहे, हे तर खरेच; पण आणखीही एक कारण असावे, असे आम्हांस वाटते. लिव्हरपूल हरले म्हणजे शेजारच्या घराचा धर्म जिंकत नाही. एकाच हिंदू कुटुंबात दोन भाऊ दोन इंग्लिश संघांचे असू शकतात, आणि हिंदू व मुसलमान शेजारी एकाच संघासाठी एकाच बाकावर बसून ओरडू शकतात. ही निष्ठा दूरची आणि काहीशी उसनी खरी, परंतु तिच्यापायी कोणाचे घर जळत नाही.

तर मग हरण्याची कला आपल्या लोकांस कधी साधलीच नाही काय? साधली होती, आणि तिचे उदाहरण आपल्याच गिरमिट्या बांधवांच्या दुसऱ्या एका बेटावर सापडते. मॉरिशसच्या त्या काळ्या दिवसाच्या सुमारे दहा वर्षे आधी, 19 नोव्हेंबर 1989 रोजी, त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्रिनिदाद आणि अमेरिका समोरासमोर उभे होते. त्रिनिदादला नुसती बरोबरी पुरेशी होती. तेवढ्यावर 1990च्या विश्वचषकाचे दार प्रथमच उघडणार होते. अवघे मैदान तांबड्या वस्त्रांनी भरून गेले होते. आफ्रिकी वंशाचे आणि भारतीय वंशाचे लोक राजकारणात एकमेकांकडे पाठ करून बसत. त्या दिवशी ते खांद्याला खांदा लावून उभे होते. पूर्वार्धात अमेरिकेच्या पॉल कॅलिजुरीने दुरून मारलेला चेंडू जाळ्यात शिरला, आणि तो एकच गोल अखेरपर्यंत फिटला नाही. इतक्या जवळ येऊन हातची संधी गेली असताही प्रेक्षकांनी दंगा केला नाही. त्यांच्या त्या वागणुकीबद्दल जागतिक फुटबॉल संघटनेने त्या वर्षीचा ‘फेअर प्ले’ पुरस्कार कोणा खेळाडूस किंवा संघास न देता त्रिनिदादच्या प्रेक्षकांस दिला. विश्वचषक हुकला, तरी हा मान काही थोडा नव्हे.

त्या पराभवाचा धागा आपण आज राहतो त्या प्रदेशापर्यंत येऊन पोहोचतो. कॅलिजुरीच्या गोलामुळे अमेरिकेला चाळीस वर्षांच्या खंडानंतर विश्वचषकात प्रवेश मिळाला. पुढे 1994चा विश्वचषक अमेरिकेतच भरला. त्यातील सहा सामने डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर झाले. 1996 साली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिच्या पहिल्या संघांत ‘डॅलस बर्न’ होता. आणि काळाचा न्याय पाहा! 10 ऑक्टोबर 2017 रोजी त्रिनिदादच्या कूव्हा येथे हेच दोन देश पुन्हा भेटले. कूव्हा म्हणजे मध्य त्रिनिदादचा उसाचा मुलूख, गिरमिट्यांच्या घामावर वसलेला. ह्या वेळी त्रिनिदादची आशा पूर्वीच संपलेली होती आणि बरोबरी पुरेशी होती ती अमेरिकेला. त्रिनिदाद 2-1 असे जिंकले. पहिला गोल झाला तो डॅलसमध्येच जन्मलेल्या ओमार गोन्झालेझच्या पायाला लागून, त्याच्या स्वतःच्याच जाळ्यात. 2018च्या विश्वचषकाला अमेरिका मुकली. त्या रात्री येथील त्रिनिदादी घरांतून हसावे की रडावे, असा पेच पडला असल्यास नवल नाही. ज्याला दोन देश आहेत त्याच्या वाट्याला दुप्पट आनंद येतो आणि दुप्पट हळहळही येते.

आता प्लेनोकडे वळू. येथे ‘फुटबॉल’ म्हटले की आधी अमेरिकन फुटबॉल समजावा लागतो. 1960 साली प्लेनोची वस्ती अवघी 3,695 होती. भोवती कापसाची शेते होती. त्या लहानशा गावाच्या शाळेने 1965 साली राज्याचे अजिंक्यपद मिळविले आणि शुक्रवारच्या रात्रीचा सामना हा गावाचा जणू उत्सवच होऊन बसला. पुढे शहर वाढले. 1980 साली वस्ती 72,331 वर गेली, आणि 1981 मध्ये ‘प्लेनो ईस्ट’ ही दुसरी शाळा निघाली. काल एकाच संघासाठी ओरडणारे शेजारी नकाशावरील एका रेघेमुळे प्रतिस्पर्धी झाले. निष्ठा अशी रेघेने तुटते काय? येथे तुटली, आणि नव्याने जुळलीही. 26 नोव्हेंबर 1994 रोजी राज्यस्पर्धेच्या बाद फेरीत प्लेनो ईस्ट टायलर गावच्या जॉन टायलर शाळेशी खेळत होता. अखेरची तीनेक मिनिटे उरली असता तो 41-17 असा मागे होता. उठून घरी जावे अशीच ती वेळ. परंतु मुलांनी चेंडू वारंवार परत मिळवून 44-41 अशी आघाडी घेतली; आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिला असता, टायलरच्या खेळाडूने सारे मैदान पळून ओलांडले व सामना 48-44 असा फिरविला. टेक्सासमध्ये तो सामना आजही सांगितला जातो. विशेष हे की, त्याच वर्षी प्लेनोची जुनी शाळा आपल्या गटात अजिंक्य ठरली. तरी लोकांच्या तोंडी अधिक आहे तो हरलेला सामना.

डॅलसच्या संघाची कथाही शिकण्यासारखी आहे. ‘डॅलस बर्न’ 2005 साली प्लेनोला लागून असलेल्या फ्रिस्कोत आला आणि ‘एफ. सी. डॅलस’ झाला. नाव पालटले, मैदान पालटले. 2010 साली लीगच्या अंतिम सामन्यात तो जादा वेळेत, चेंडू आपल्याच खेळाडूला लागून जाळ्यात गेल्याने, कोलोराडोकडून हरला. 2016 साली त्याने यू. एस. ओपन कप आणि साखळीतील अग्रस्थान ही दोन्ही मिळविली. लीगचा चषक मात्र दूरच राहिला. येथे घडलेला वेस्टन मॅकेनीसारखा खेळाडू वयात येताच युरोपात जातो आणि त्याच्यामागोमाग पाठीराख्याचे मनही जर्मनी-इटलीची वाट धरते. 6 ऑगस्ट 2023 रोजी लिओनेल मेस्सी मायामीच्या संघातून फ्रिस्कोत खेळावयास आला, तेव्हा यजमानांच्या मैदानावर पाहुण्यांचे गुलाबी सदरे जागोजाग दिसत होते. डॅलसने एकदा 3-1 व पुढे 4-2 अशी आघाडी घेतली होती. मेस्सीने 4-4 अशी बरोबरी साधून दिली, आणि पेनल्टींवर मायामी जिंकले. आपल्याच अंगणात आपल्या संघाच्या पराजयावर टाळ्या पडाव्यात, हे त्या संध्याकाळी पाहावयास मिळाले.

ह्याला बेइमानी म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी गाव सोडले, बोली सोडली आणि देशही दोनदा पालटला, त्यांनी निष्ठा पालटणे हे पाप मानण्याचे कारण नाही. पाहावयाचे ते एवढेच की, नवी निष्ठा कोणाच्या द्वेषावर उभी आहे की कोणाच्या सहवासावर. मॉरिशसच्या जुन्या संघांत प्रेम होते, पण त्याचा पाया ‘ते आपल्यातले नव्हेत’ ह्या भावनेवर होता. म्हणून पराजय सोसण्याचे बळ त्यात नव्हते. त्रिनिदादच्या प्रेक्षकांत ते बळ होते, कारण त्या दिवशी अवघे बेट एका संघात सामावले होते. प्लेनोतील शेजाऱ्यांना नकाशाने वेगळे केले, तरी शाळेच्या मुलांचे कौतुक करताना त्यांना कोणाचा धर्म विचारावा लागला नाही.

आपल्या परंपरेत ह्या भावनेला फार सुंदर नाव आहे: जहाजी भाई. एका जहाजात कोण कोण चढले हे कोणी निवडले नव्हते. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. पण काळे पाणी ओलांडताना जे शेजारी निजले ते जन्माचे भाऊ झाले. त्यांच्या मुलांची लग्ने परस्परांत टाळली जात, इतके ते नाते सख्खे मानले जाई. योगायोगाने जवळ आलेल्या माणसांशी आयुष्यभर इमान राखण्याची ही रीत आपणांस वारशात मिळालेली आहे.

म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या मंडळातर्फे मुलांचे सामने भरविण्यात येतील तेव्हा संघ मॉरिशसचा, त्रिनिदादचा, गयानाचा, फिजीचा असे पाडू नयेत. भाषेवर किंवा आडनावावरही पाडू नयेत. चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि ज्याच्या हाती जो रंग येईल तो त्याने घालावा. सामना संपल्यावर हरलेल्या संघाला आधी जेवावयास बसवावे आणि जिंकलेल्यांनी त्यांना वाढावे. वडीलधाऱ्यांनीही त्या पंगतीत बसून आपल्या पराजयांच्या गोष्टी सांगाव्यात: अंजलाय मैदानाची, पोर्ट ऑफ स्पेनची, आणि 44-41 वरून हरलेल्या त्या प्लेनोच्या मुलांचीही. विजयाच्या गोष्टी मुलांना कोणीही सांगेल. ह्या गोष्टी मात्र घरच्यांनीच सांगावयाच्या असतात.