एका शुक्रवारच्या दोन तिथी

ग्वाल्हेरीस पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाच्या अंगी तिथी-महिन्यांच्या बाबतीत जो एक प्रकारचा सोशिकपणा आलेला असतो, तो पुण्या-साताऱ्याच्या माणसास सहसा उमजावयाचा नाही. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी घराणी इकडे आली त्यांनी आपले अमान्त पंचांग बरोबर आणले, आणि भोवतालचा सारा मुलूख तर पौर्णिमान्त मास मानणारा. त्यामुळे ज्या रात्री लष्कर भागातील मराठी वाड्यांत श्रावण वद्य अष्टमीचा कृष्णजन्म होतो, त्याच रात्री भिंतीपलीकडच्या घरात तो भाद्रपद कृष्ण अष्टमीचा होतो, आणि पाळण्याची दोरी दोन्हीकडे एकाच घटकेस हलत असल्यामुळे कोणासही कोणाचे चुकले असे वाटत नाही. महिने दोन, रात्र एक.

येशू ख्रिस्तास क्रुसावर दिले तो दिवस यहुदी पंचांगाप्रमाणे कोणता, यावर ख्रिस्ती पंडितांत जो वाद प्राचीन काळापासून चालत आला आहे, तो ग्वाल्हेरकरास प्रथमदर्शनी याच मासल्याचा वाटावा. वार शुक्रवार, याविषयी येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे. शिक्षा रोमचा सुभेदार पिलात याने फर्मावली याविषयीही आहे, आणि त्याचा यहूदियातील अंमल इ. स. २६ ते ३६ असा असल्यामुळे काळाची मर्यादाही मुक्रर झालेली आहे. तफावत पडते ती अवघ्या एका तिथीची. परंतु ती केवळ नावाची तफावत आहे, की घडलेल्या गोष्टीची, हाच खरा मुद्दा होय. आणि विद्वानांनी कितीही कौशल्य खर्ची घातले असले तरी ती गोष्टीचीच आहे, असे मला वाटते.

वल्हांडण हा यहुदी लोकांचा मिसरातील दास्यातून झालेल्या मुक्ततेचा सण. निसान महिन्याच्या १४ व्या तिथीस तिसऱ्या प्रहरानंतर यरुशलेमच्या मंदिरात कोकरे बळी दिली जात, आणि त्याच सायंकाळी घरोघर त्यांचे मांस बेखमीर भाकरीबरोबर खाल्ले जाई. आपली तिथी सूर्योदयाशी बांधलेली, तर यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताबरोबर उलटणारा. म्हणून बळी १४ व्या दिवशीचा, पण भोजन १५ व्या दिवशीचे, असे दोहोंच्या मध्ये चारसहा तासांचेच अंतर असूनही मानावे लागते. हा विधी मराठीस अगदीच परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा १८४६ साली मुंबईस आणि १८७४ साली पुण्यास मराठी भाषांतरासह छापली गेली होती, आणि दास्यमुक्तीची ती कथा अनेक कुटुंबांनी मराठीतूनच ऐकलेली आहे.

आता दोन्ही बाजूंचा दाखला पाहू. मार्क, मत्तय आणि लूक या तीन शुभवर्तमानकारांच्या कथनाप्रमाणे कोकरे मारण्याच्या दिवशी शिष्यांनी वल्हांडणाच्या भोजनाची सिद्धता केली, रात्री गुरूने शिष्यांसह ते भोजन केले, त्याच रात्री अटक झाली आणि सकाळ उजाडल्यावर शिक्षा; म्हणजे तो शुक्रवार निसानचा १५ वा, प्रत्यक्ष सणाचा दिवस. चौथ्या, म्हणजे योहानाचा, वृत्तान्त याहून निराळा आहे. येशूस सरकारवाड्यात नेले तेव्हा फिर्यादी मंडळी आत शिरली नाहीत, कारण विटाळ झाल्यास त्यांस वल्हांडणाचे भोजन करता आले नसते, असे तो स्पष्ट सांगतो. भोजन अद्याप व्हावयाचे होते. तेव्हा त्याच्या हिशेबी तो शुक्रवार १४ वा ठरतो, आणि मंदिरात कोकरे कापली जात असण्याच्या सुमारास नगराबाहेर क्रुसावर प्राण जातो.

दोन्ही साक्षी खऱ्या ठराव्यात म्हणून जे तोडगे काढण्यात आले त्यांत सर्वांत चतुर तोडगा आनी जोबेर या फ्रेंच विदुषीचा. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या हस्तलिखितांवरून ३६४ दिवसांचे एक सौर पंचांग पाळणारा पंथ त्या काळी यहुद्यांत होता असे दिसून आले. त्या पंचांगात वल्हांडणाचे भोजन दरवर्षी मंगळवारच्या रात्रीच येते. येशूने त्या गणनेप्रमाणे मंगळवारी भोजन केले आणि मंदिराच्या गणनेप्रमाणे शुक्रवारी, सणाच्या पूर्वदिनी, त्याचा वध झाला, असे तिने १९५७ साली मांडले. अटक, निरनिराळ्या चौकश्या, हेरोदापुढील हजेरी आणि सुभेदाराचा फैसला हे सारे एका रात्रीत कसे उरकले, ही अडचणही त्यामुळे दूर होते. ग्वाल्हेरकरास हा तोडगा आवडेल. परंतु येशू त्या पंथाचे पंचांग पाळीत होता याला शुभवर्तमानांत तिळमात्र आधार नाही, उलट मंदिराच्या उत्सवांस तो इतरांबरोबरच जाताना दिसतो, आणि मार्काने भोजनाचा दिवस सांगितला आहे तो कोकरे मारण्याच्या दिवसावरून. सोयीस्कर असणे आणि शाबीत होणे यांत अंतर राहते.

मग एकाची साक्ष पत्करणे भाग आहे. योआखिम येरेमियास या जर्मन पंडिताने मार्काचा पक्ष मोठ्या विद्वत्तेने लढविला: भोजन रात्री, तेही यरुशलेमच्या हद्दीतच झाले, मंडळी लोडाला टेकून बसली होती, शेवटी स्तोत्र म्हटले गेले, ही सारी वल्हांडणाचीच लक्षणे आहेत, असे त्याचे म्हणणे. पण मार्काच्याच दफ्तरात त्याच्याविरुद्ध कागद निघतात. सणाच्या गर्दीत हे काम करू नये, प्रजेत दंगा होईल, असा पुढाऱ्यांचा बेत तोच नमूद करतो. क्रूस वाहण्यास धरलेला कुरेनेकर शिमोन शेताकडून येत होता आणि अरिमथाईकर योसेफाने प्रेतासाठी तागाचे वस्त्र विकत घेतले, हेही त्याचेच. कामधंदा आणि खरेदी वर्ज्य असलेल्या दिवशी या गोष्टी चमत्कारिक दिसतात. शिवाय त्या भोजनाच्या वर्णनात भाकर आहे, द्राक्षारस आहे, कोकऱ्याचे नाव नाही.

योहानावर आक्षेप असा की, येशूस देवाचे कोकरू म्हणणारा हा लेखक त्याचा वध कोकऱ्यांच्या वेळेसच घडविणार. त्यास तिथी फिरविण्याचे कारण होते. कारण होते खरे, पण ज्याचा हितसंबंध आहे त्याची साक्ष खोटीच असते, असा कोणत्याही कचेरीचा नियम नाही. योहानाच्या कितीतरी वर्षे आधी पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पत्रात ख्रिस्तास वल्हांडणाचे कोकरू म्हटले आहे. तेव्हा कल्पनेवरून तिथी बनली, यापेक्षा तिथीवरून कल्पना सुचली असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. यहुद्यांच्या तालमुद या धर्मग्रंथातही वध वल्हांडणाच्या पूर्वदिनी झाल्याची परंपरा नोंदलेली आहे. ती नोंद उत्तरकालीन, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. तथापि ती योहानाच्या बाजूस पडते.

हा निवाडा ज्योतिषाकडे का सोपवू नये, असे कोणी विचारील. जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्या मुलखात तरी असा प्रश्न साहजिक आहे, कारण उज्जयिनीची सवाई जयसिंहाची वेधशाळा माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत १९२३ साली दुरुस्त झाली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या गणिती ज्योतिष्याने तिचा कारभार पाहिला. गणिताने अमावास्येचा क्षण बिनचूक निघतो. परंतु त्या काळचा यहुदी महिना अमावास्येने सुरू होत नसे, तो चंद्रदर्शनाने सुरू होई. कोर पाहिल्याची साक्ष घेऊन मग महिना जाहीर केला जाई, आणि आकाश अभ्राच्छादित असल्यास एक दिवस पुढे जाई. अधिक मासही गणिताने ठरत नसे. शेतातील जव पिकले आहेत की नाहीत, हे पाहून तो धरीत. इतके असूनही हम्फ्रीज आणि वॉडिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९८३ साली कोर दिसण्याचा हिशेब करून दाखविले की, पिलाताच्या अमलात निसानची १४ वी तिथी शुक्रवारी येण्याचा संभव दोनच वर्षी होता: इ. स. ३० च्या एप्रिलची ७ तारीख किंवा इ. स. ३३ च्या एप्रिलची ३ तारीख. १५ व्या तिथीस तितके अनुकूल वर्ष हाती लागत नाही. म्हणजे गणित योहानाकडे झुकते. झुकते इतकेच म्हणावयाचे, कारण एका ढगाने ते ढळू शकते.

प्राचीन ख्रिस्ती मंडळींनी हा वाद तारखेसाठी केला नाही, आचारासाठी केला. आशिया प्रांतातील मंडळी वार न पाहता निसानच्या १४ व्या तिथीसच ईस्टरचा सण करीत, रोमची मंडळी रविवारी. इ. स. १५५ च्या सुमारास आशियातील स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमास गेला, तेथील बिशप आनिकेताशी त्याची चर्चा झाली, कोणी कोणास वळवू शकले नाही, आणि तरी दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. पुढे ३२५ साली नायसियाच्या परिषदेत रविवार कायम झाला. भाकरीचा तंटा मात्र उरला. अखेरचे भोजन वल्हांडणाचेच, म्हणून रोमन चर्चने बेखमीर भाकर धरली. ते वल्हांडणाच्या आदल्या रात्रीचे, म्हणजे घरात खमीर असतानाचे, असे म्हणून ग्रीक चर्चने खमिराची धरली, आणि १०५४ च्या सुप्रसिद्ध फुटीत या भाकरीवरून कडाक्याचे शब्द उच्चारले गेले. शिंद्यांच्या चाकरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आणि जयविलास प्रासादाचा आराखडा करणारे फिलोज घराणे कॅथॉलिक. त्यांच्या उपासनेत बेखमीर पापुद्राच आला असणार. केरळातील सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळी आजही प्रभुभोजनास खमिराचीच भाकर भाजतात.