312 माणसं म्हणजे कमी का?

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

जेवणं उरकली असतील. कुणी शेंगा फोडत ऐकत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसल्या असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. वाळवणाचे आणि चटण्यांचे व्हिडिओ करून त्या यूट्यूबवर टाकतात. त्यांनी विचारलं, “ताई, सहा महिने झाले, 312 सबस्क्राइबर झालेत. घरातले हसतात. रिचार्जचे पैसे पाण्यात, असं सासरे म्हणतात. बंद करू का?” मी म्हटलं, पुढच्या कार्यक्रमापर्यंत थांबा. तर आज त्यांच्याशीच बोलते, तुम्हीही ऐका.

आधी त्या आकड्याचं बघू. आपल्या ग्रामसभेला कोरम भरता भरत नाही. हळदीकुंकवाला 312 बायका आल्या तर वाण पुरेल का आपल्याकडचं? मग हा आकडा लहान कसा? फक्त त्या 312 जणी कोण आहेत, ते महत्त्वाचं. विचारल्यावर ताईंनी खरं सांगितलं. त्यातल्या शंभरएक जणी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमधल्या आहेत. ‘तू माझं चॅनल सबस्क्राइब कर, मी तुझं करते’ असा तो ग्रुप. अशी देवाणघेवाण यूट्यूबच्या नियमात बसत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्या बायकांना कुरडईशी काही देणंघेणं नाही. त्या बटण दाबून जातात, व्हिडिओ बघत नाहीत. विकत मिळणारे फॉलोअर्सही तसलेच. तेव्हा ताई, तुमच्या खऱ्या बघणाऱ्या दोनशे धरा, आणि त्या दोनशे जणी फार मोलाच्या आहेत.

आता त्या वाढायच्या कशा? रेडिओवर नवीन आले तेव्हा मला एक गोष्ट शिकवली गेली. माईकसमोर बसलीस की ‘तमाम श्रोत्यांशी’ बोलू नकोस, एकीशी बोल. मी माझ्या मावशीला डोळ्यांसमोर आणते. व्हिडिओचंही तसंच आहे. तुमची कुरडई कोण बघणार? शेजारची काकू नाही बघणार, तिला येते. बघणार ती पुण्यात दोन खोल्यांत राहणारी नवी सून, किंवा परदेशात गेलेली एखादी मुलगी, जिला आईच्या हातचं आठवतं पण प्रमाण माहीत नाही. तिच्याशी बोला. ‘अंदाजाने मीठ’ म्हणू नका, तिला अंदाज नाही. वाटीचं माप सांगा आणि ती वाटी केवढी आहे तेही दाखवा.

ताईंच्या व्हिडिओचं नाव होतं ‘माझी कुरडई रेसिपी’. असं शोधणार कोण? बाई अडली की शोधते. चिकात गुठळ्या झाल्या, कुरडई तळताना फुलली नाही, चीक आंबट झाला. मग नावही तसंच द्या: ‘कुरडईच्या चिकात गुठळ्या होऊ नयेत म्हणून’. ती जे शब्द टाकेल ते तुमच्या नावात पाहिजेत.

आणखी एक. यूट्यूब स्टुडिओ नावाचं वेगळं ॲप फुकट मिळतं. कुठल्या मिनिटाला किती लोक निघून गेले, याचा आलेख त्यात दिसतो. ताईंबरोबर फोनवर बसून तो पाहिला. सुरुवातीला चाळीस सेकंद फिरती फुलं, सिनेमाचं गाणं, मग ‘लाईक करा, शेअर करा’. आलेख तिथेच विहिरीत पडल्यासारखा खाली! गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, चीक काढून शिजवण्याची सगळी मेहनत त्यापुढे होती, ती कुणी पाहिलीच नाही. आता सुरुवात पातेल्यातल्या रटरटणाऱ्या चिकापासून करायची, स्वागत नंतर. आणि सिनेमाचं गाणं वापरलं की जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. तुमच्या पातेल्याचा आवाज पुष्कळ झाला.

आवाजावरून आठवलं. चित्र थोडं अंधारं असलं तरी बाई बघत राहते, आवाज कळला नाही तर लगेच सोडते. पंखा बंद करा, खोलीत आवाज घुमत असेल तर मागे गोधडी टांगा, आम्हीही सुरुवातीला तेच केलं होतं. उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसा. आणि बोली बदलू नका. ‘शुद्ध’ बोलायच्या धडपडीत माणूस कोरडा होतो. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुम्ही पाहिल्या असतील, ‘आपली आजी’ चॅनलच्या. नातवाने पावभाजीची फर्माईश केली, तिथून सुरुवात झाली. त्या घरात बोलतात तशाच बोलतात आणि लाखो लोक ऐकतात.

वेळही सांभाळा. संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाचा व्हिडिओ टाकून उपयोग नाही, बायका आठ-दहा दिवस आधी शोधतात. वाळवणाचं ऊन तापायच्या आधी टाका. आठवड्याला एकच व्हिडिओ जमतो? मग एकच टाका, पण ठरल्या वारी.

आता ज्यासाठी आज मुद्दाम बसले आहे, ते सांगते. मी ताईंना विचारलं, चॅनल कुणाच्या ईमेलवर आहे? म्हणाल्या, पुतण्याच्या. पासवर्ड? तोही पुतण्याकडे. बँक खातं? “अजून पैसे कुठे येतात?”

मैत्रिणींनो, शेजारच्या गावात हेच झालं होतं. वहिनीने दोन वर्षं व्हिडिओ केले. दिराचा मोबाईल, दिराचा ईमेल. दीर नोकरीला लांब गेला, फोन बदलला, पासवर्ड विसरला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण चॅनल आजही यूट्यूबवर दिसतं, तिचा चेहरा, तिचे हात, तिचं स्वयंपाकघर, आणि तिला त्यात एक नवा व्हिडिओ टाकता येत नाही. चॅनल तिचं आहे हे सांगायला तिच्याकडे कागदाचा चिटोराही नाही. सातबारावर नाव नसलेल्या शेतात राबण्यासारखंच आहे हे, आणि ते दुःख आपल्याला नवीन नाही.

म्हणून स्वतःचा ईमेल काढा. मुलाची, पुतण्याची मदत जरूर घ्या, पण पासवर्ड न देताही ती घेता येते. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडलं की सेटिंग्जमध्ये ‘परमिशन्स’ आहे. तिथे पुतण्याचा ईमेल टाकून त्याला संपादक करा. तो व्हिडिओ चढवेल, मालकी तुमची राहील. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. त्यात काही बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर लिहून रेशनकार्डासोबत ठेवा. ‘आपली आजी’ चॅनलही 2020 मध्ये हॅक झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. मोठ्यांचं होतं, तर आपलंही होऊ शकतं. ‘तुमच्याशी करार करायचा आहे, ही फाईल उघडा’ असा ईमेल आला तर उघडू नका. आणि पैशाची फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

पैशाचं थोडक्यात. व्हिडिओवरच्या जाहिरातींतला वाटा मिळायला 1000 सबस्क्राइबर लागतात आणि वर्षभरात 4000 तास बघणं. बाई सरासरी चार मिनिटं थांबली, तर 60,000 वेळा बघितलं जायला हवं. शॉर्ट्स बघितल्याचा वेळ त्यात धरत नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा आहे. पुढे दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला पिन नंबरचं पत्र टपालाने येतं, तेव्हा पोस्टमन भाऊंना सांगून ठेवा. पैसे शंभर डॉलर झाल्यावर निघतात. खात्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच लागतं, म्हणून ते नाव तुमचं असू द्या. खरं सांगू? आपल्यातल्या बऱ्याच जणींना जाहिरातीपेक्षा कुरडई विकूनच आधी पैसे मिळतील. मात्र खायचं विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी करा. आणि कुणी फुकट मसाला पाठवून ‘चांगलं बोला’ म्हटलं, तर ही जाहिरात आहे असं व्हिडिओत स्पष्ट सांगा. तसा नियम आहे, आणि बघणारीला फसवलं तर ती परत येत नाही.

चेहऱ्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. दाखवायलाच हवा असं नाही, नुसते हात दाखवून चालणारी चॅनलं आहेत. घराचा नंबर, मुलांच्या शाळेचा गणवेश, आत्ता मी अमुक जत्रेत आहे, हे मात्र दाखवू नका. घाणेरड्या शब्दांची यादी सेटिंग्जमध्ये टाकली की तसल्या कमेंट आधीच अडवल्या जातात. उरलेल्यांना उत्तर न देता ब्लॉक करा. पण ‘काकू, माझा चीक पातळ झाला’ असं कुणी लिहिलं, तर त्याच दिवशी उत्तर द्या. पुढचा व्हिडिओ तीच सुचवत असते.

आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी तिथे माणसं जमवली होती, ती एका रात्रीत गेली. म्हणून व्हिडिओ फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवा. नेहमी माल घेणाऱ्या बायकांचे नंबर, त्यांना विचारून, वहीत लिहा. उद्या यूट्यूब राहो न राहो, वही राहील.

फोनवाल्या ताईंनी परवा परत फोन केला. चॅनल बंद केलेलं नाही. ग्रुप सोडला, त्यामुळे आकडा घसरून 240 वर आलाय. पुतण्या रविवारी येणार आहे, तेव्हा मालकी नव्या ईमेलवर घेणार आहेत. सासऱ्यांनी विचारलं, त्या पोराला हाताशी धरून काय चाललंय? त्या म्हणाल्या, नावावर करून घेतेय.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला केंद्रावर या. फोन चार्ज करून आणा, आणि पासवर्ड कुणाकडे आहे ते घरी विचारून या.